गोधडी, नंगारा आणि लॅमिनेट

आपल्याकडे 'फायबर' हा शब्द कशालाही चालतो. गच्चीवरची टाकी फायबरची, बाथरूमचं दार फायबरचं, लग्नाच्या मांडवातली खुर्चीसुद्धा फायबरची. (यातल्या निम्म्या वस्तू साध्या प्लास्टिकच्या असतात, तो विषय वेगळा.) दुकानदार मात्र एकच वाक्य सांगतो, "साहेब, फायबर आहे, तुटत नाही." आता फायबर म्हणजे नुसता धागा. ओढला तर भलताच ताकदवान, पण ढकलला तर लगेच लोळण घेणारा. त्याला रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर टाकून कडक केलं की मग तो कामाचा होतो. त्याला आपण लॅमिनेट म्हणतो. आणि 'तुटत नाही' हे वाक्यही अर्धंच खरं आहे, कारण हा माल बऱ्याचदा तुटायच्या आधी सुटतो. एक थर दुसऱ्या थरापासून आतल्या आत सुटतो आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत दिसत राहतो. मित्रांनो, हा लेख त्या सुटण्याबद्दल आहे, आणि प्लेट बनवायच्या आधी ते कागदावर कसं पकडायचं याबद्दल आहे. फायनल इयरला 'कॉम्पोझिट लीफ स्प्रिंग' हे प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी तरी तो शेवटपर्यंत वाचावा. व्हायवाला उपयोगी पडेल, आणि नाही पडला तरी स्प्रिंगला पडेल.

सुरुवात गोधडीपासून करू. आपल्या वऱ्हाडात असं घर नाही जिथं जुन्या लुगड्यांची गोधडी नाही. आठ थर एकावर एक नुसते ठेवले आणि एका टोकाला धरून उचलले तर ते सगळे लोंबतात. प्रत्येक थर स्वतःपुरता वाकतो आणि शेजारच्यावरून घसरतो. दाट टाके घातले की तीच गोधडी जरा ताठ होते. कापड तेच, वजनही जवळपास तेच. बदललं एवढंच, की थरांचं एकमेकांवरून घसरणं थांबलं.

याचा हिशोब सोपा आहे. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. एका थराची जाडी एक धरली तर आठ सुट्या थरांचा एकूण विरोध आठ. तेच आठ थर पक्के चिकटवले तर जाडी आठ झाली आणि विरोध आठाचा घन, म्हणजे ५१२. भागाकार केला तर ६४ पट. हे ६४ पट कुठून आलं? धाग्यातून नाही, चिकटण्यातून आलं. थरांमधल्या त्या पातळ रेझिनच्या पापुद्र्याने घसरण अडवली म्हणून आलं. घसरण अडवायची म्हणजे त्या पापुद्र्याला शिअर सोसावं लागणार. याला इंटरलॅमिनार शिअर म्हणतात, आणि आपल्या गोष्टीतला खलनायक हाच आहे. ट्रकच्या कमानपाट्यात पाटे मुद्दाम सुटे ठेवतात, एकमेकांवर घासू देतात, कारण तिथे लवचीकपणा हवा असतो आणि घर्षणाने हिसके शोषले जातात. लॅमिनेटमध्ये नेमकं उलटं हवं असतं. एकही थर घसरता कामा नये.

आता नंगारा. आपल्या होस्टेलमध्ये मानोरा, दिग्रस, कारंजा भागातली मुलं आहेत, त्यांना पोहरादेवीबद्दल वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातलं हे गाव, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर यामुळे बंजारा समाजाची काशी मानलं जातं. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्याची इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे आणि ती पाहायला आता इंजिनीअरिंगची मुलंसुद्धा जातात. पण मला बोलायचं आहे ते इमारतीबद्दल नाही, खऱ्या नंगाऱ्याबद्दल.

नंगाऱ्यावरचं चामडं आणि आपली लॅमिनेट प्लेट, दोन्ही पातळ, दोन्ही सपाट, दोन्ही कडेने धरलेली. तरी त्यांचं मेकॅनिक्स निराळं आहे. चामड्याला स्वतःचा ताठपणा जवळपास नसतो. ते कडेने ताणलेलं असतं आणि टिपरीचा मार ते त्या ताणाने सोसतं. दमट हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून चामड्याचं वाद्य विस्तवावर शेकून पुन्हा ताणात आणतात. पुस्तकी भाषेत हे मेम्ब्रेन झालं. प्लेट मात्र ताण नसतानाही वजन पेलते, कारण तिला वाकण्याचा विरोध आहे. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, मधे कुठेतरी शून्य. साधी स्टीलची प्लेट असेल तर ही दोन्ही कामं, म्हणजे प्रतलातलं ताणणं आणि प्रतलाबाहेरचं वाकणं, छोट्या विचलनासाठी एकमेकांपासून अलग राहतात. लॅमिनेटमध्ये तसं राहीलच असं नाही. तिथेच मुलं 'ए, बी, डी' मॅट्रिक्सला घाबरायला लागतात.

घाबरण्यासारखं काही नाही. 'ए' म्हणजे ताणण्याचा विरोध, 'डी' म्हणजे वाकण्याचा विरोध आणि 'बी' म्हणजे दोघांची भानगड. 'ए' काढताना प्रत्येक थराचा ताठपणा त्याच्या जाडीने गुणून बेरीज करायची. 'डी' काढताना थर मध्यापासून किती लांब आहे त्याच्या घनाचा फरक लागतो, म्हणून बाहेरच्या थरांना फार भाव येतो. चार सारख्या थरांची शून्य-नव्वद-नव्वद-शून्य अशी प्लेट घ्या. बाहेरचे दोन थर जाडीने निम्मे आहेत, पण वाकण्याच्या विरोधात त्यांचा वाटा सात-अष्टमांश येतो, कारण आतल्या निम्म्या जाडीचा वाटा एक-द्वितीयांशाचा घन, म्हणजे फक्त एक-अष्टमांश उरतो. म्हणून तेच चार थर, पण क्रम बदलला की प्लेट दुसरीच होते. मालाच्या बिलात फरक नाही, ताठपणात आहे.

'बी' मॅट्रिक्स मध्यप्रतलाच्या वर-खाली थरांचा क्रम आरशासारखा जुळला की शून्य होतो. नाही जुळला तर ओढलं की प्लेट वाकते, किंवा वाकवलं की लांबते. हे खरं वाटत नसेल तर वही एका बाजूने ओली करून पाहा. पुठ्ठा वळतो, कारण एक बाजू फुगली आणि दुसरी नाही. कार्बनच्या दोन थरांची शून्य-नव्वद प्लेट ऑटोक्लेव्हमधून गरम काढली की थंड होताना अशीच वळते. धाग्याच्या दिशेने आकुंचन जवळपास नाही, आडव्या दिशेने बरंच, आणि दोन थर एकमेकांना काटकोनात ओढत बसलेले. गंमत अशी, की साधी रेषीय थिअरी म्हणते ही प्लेट घोड्याच्या खोगिरासारखी होईल. प्रत्यक्षात पातळ प्लेट पन्हाळीसारखी गोल येते, आणि हाताने दाबली की टक्कन दुसऱ्या दिशेला गोल होते. हायर यांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिलं. कारण असं, की खोगिराचा आकार घ्यायचा तर मध्यप्रतल ताणावं लागतं आणि पातळ प्लेटला वाकणं स्वस्त, ताणणं महाग. विचलन जाडीपेक्षा मोठं झालं की रेषीय गणित सोडावं लागतं, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं मला माहीत नाही. वर्कशॉपमध्ये दोन थरांची प्लेट 'वाकडी का आली' म्हणून डायला दोष देण्याआधी थरांचा क्रम तपासावा.

आता मूळ मुद्दा. प्लेट किती वाकेल ते कसं काढायचं?

किर्खोफ यांनी १८५० मध्ये प्लेटचं जे गणित मांडलं त्यातलं मुख्य गृहीतक असं: मध्यप्रतलाला लंब असलेली रेषा, प्लेट वाकल्यावरही सरळ राहते आणि लंबच राहते. लॅमिनेटसाठी हेच गृहीतक धरून जी थिअरी होते तिला क्लासिकल लॅमिनेट थिअरी म्हणतात. लंब रेषा लंबच राहिली याचा अर्थ जाडीतून होणारी शिअरची विकृती आपण शून्य मानली. गोधडीच्या भाषेत सांगायचं तर टाके इतके पक्के, की घसरण अजिबात नाही. स्टीलच्या पातळ पत्र्याला हे चालतं. कॉम्पोझिटला का चालत नाही, ते कळायला एक छोटा हिशोब पुरेसा आहे, आणि तो पाठच करून ठेवा.

दोन्ही टोकांना टेकवलेली, एका दिशेने वाकणारी पट्टी घ्या. वजन साइन लाटेसारखं पसरलेलं. तिचं विचलन दोन भागांत येतं, एक वाकण्यामुळे आणि एक शिअरमुळे. शिअरचा भाग भागिले वाकण्याचा भाग हे गुणोत्तर काढलं तर येतं पायचा वर्ग भागिले १०, गुणिले ई भागिले जी, गुणिले जाडी भागिले लांबी याचा वर्ग. (शिअर करेक्शन फॅक्टर नेहमीचा पाच-षष्ठांश धरला आहे.) पायचा वर्ग ९.८७, म्हणजे पहिला भाग जवळजवळ एकच. उरलं काय, तर ई भागिले जी, गुणिले जाडी-लांबी गुणोत्तराचा वर्ग. एवढं साधं.

स्टीलसाठी ई भागिले जी साधारण २.६. पट्टी जाडीच्या दहापट लांब असेल तर २.६ भागिले १००, म्हणजे शिअरचा वाटा २.६ टक्के. सोडून दिला तरी चालेल. आता कॉम्पोझिट. धाग्याच्या दिशेचा ई धाग्यातून येतो, म्हणून प्रचंड. जाडीतला जी रेझिनमधून येतो, म्हणून मरतुकडा. संशोधनात तुलनेसाठी जो ठरावीक माल वापरतात त्यात हे गुणोत्तर ५० आहे. तीच दहापट लांबी, तर ५० भागिले १००, म्हणजे शिअरचा वाटा ५० टक्के! विचलन दीडपट. लांबी जाडीच्या चौपट असेल तर ५० भागिले १६, म्हणजे तीनपटीच्या वर, एकूण विचलन चारपट. आणि क्लासिकल थिअरी हे सगळं शून्य धरून बसली आहे.

हा हिशोब बरोबर आहे का, याची परीक्षा आधीच झालेली आहे. पॅगानो यांनी १९६९-७० मध्ये कुठलंही प्लेटचं गृहीतक न धरता, त्रिमितीय इलॅस्टिसिटीची समीकरणं थेट सोडवून लॅमिनेटची अचूक उत्तरं काढली. पुढे १९७२ मध्ये हॅटफील्ड यांच्याबरोबर अधिक थरांची काढली. तेव्हापासून नवी थिअरी कुणीही काढो, तिला या उत्तरांसमोर उभं राहावं लागतं. शून्य-नव्वद-नव्वद-शून्य चौरस प्लेट, चारही बाजूंनी टेकवलेली, त्याच मालाची. मध्यावरचं विचलन, एककविरहित रूपात, असं येतं:

लांबी जाडीच्या ४ पट: क्लासिकल ०.४३१, पहिल्या दर्जाची शिअर थिअरी १.७१०, तिसऱ्या दर्जाची १.८९४, अचूक १.९५४.
१० पट: ०.४३१, ०.६६३, ०.७१५, ०.७४३.
२० पट: ०.४३१, ०.४९१, ०.५०६, ०.५१७.
१०० पट: ०.४३१, ०.४३४, ०.४३४, ०.४३९.

पहिला आकडा बदलतच नाही, हे बघितलंत? क्लासिकल थिअरीला जाडीची जाणीवच नाही. चौपट लांबीला ती खऱ्या विचलनाच्या बावीस टक्केच दाखवते. आणि आपला कागदावरचा हिशोब? दहापटीला दीडपट म्हणाला होता, ०.६६३ भागिले ०.४३१ केलं तर १.५४ येतं. चौपटीला चारपट म्हणाला होता, इथे ३.९७ येतं. कॅल्क्युलेटरही न काढता केलेल्या गणिताला यापेक्षा जास्त मार्क काय द्यायचे? हा ०.४३१ सुद्धा तुम्ही स्वतः काढू शकता. 'डी' मॅट्रिक्सचे चार आकडे आणि एक भागाकार, अर्ध्या पानाचं काम आहे. एका संध्याकाळी मेसची घंटा होण्याआधी होऊन जाईल.

वरच्या रकान्यांतल्या थिअरींची थोडी ओळख. रायस्नर (१९४५) आणि मिंडलिन (१९५१) यांनी लंब रेषेला सरळ राहू दिलं, पण लंब राहण्याची सक्ती काढली. ही पहिल्या दर्जाची थिअरी. तिच्यात शिअर जाडीभर एकसारखा येतो. हे खरं नाही, कारण वरच्या आणि खालच्या पृष्ठावर शिअर शून्यच हवा, तिथे धरायला कोणी नाही. ही चूक झाकायला शिअर करेक्शन फॅक्टर लावतात. पाच-षष्ठांश हा आकडा एकसंध आयताकृती छेदासाठीचा आहे. लॅमिनेटमध्ये तो थरांच्या क्रमानुसार बदलतो, पण सवयीने सगळे तोच लावतात. जे. एन. रेड्डी यांनी १९८४ मध्ये रेषा सरळच राहावी ही अटही काढली आणि तिला घनाच्या वक्राने वाकू दिलं, म्हणजे पृष्ठावरचा शिअर आपोआप शून्य झाला आणि फॅक्टरची गरज संपली.

या सगळ्यात आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांचं काम किती मोठं आहे, हे आपल्या पोरांना माहीत नसतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. आयआयटी मुंबईच्या सिव्हिल विभागातले तरुण कांत यांनी १९८२ मध्ये ओवेन आणि झिंकिविच यांच्याबरोबर उच्च दर्जाच्या थिअरीवर आधारलेला प्लेटचा फायनाईट एलिमेंट मांडला. झिंकिविच म्हणजे तेच, ज्यांचं जाडजूड पुस्तक लायब्ररीच्या रॅकमध्ये असतं. पुढे १९८८ मध्ये पंड्या आणि कांत यांनी तो लॅमिनेटसाठी वापरला. यात हुशारी कुठे होती? घनाच्या वक्राची थिअरी सरळ वापरली तर दोन एलिमेंटच्या सीमेवर विचलनाबरोबर त्याचा उतारही जुळावा लागतो, आणि असा एलिमेंट बनवणं म्हणजे डोकेदुखी. कांत यांनी अज्ञातं थोडी वाढवली, पण सीमेवर फक्त मूल्य जुळलं की पुरे, अशी मांडणी केली. शिवाय त्यांच्या मॉडेलमध्ये प्लेटची जाडीसुद्धा थोडी बदलू शकते, जे जाड सँडविच प्लेटमध्ये महत्त्वाचं ठरतं. कांत आणि स्वामिनाथन यांचा २००२ चा पेपर तर अजूनही तुलनेसाठी उघडला जातो.

त्याच आयआयटीत एरोस्पेस विभागात शिंपी सरांनी उलटी वाट धरली. अज्ञातं वाढवायची कशाला, कमी करू. त्यांच्या २००२ च्या रिफाइन्ड प्लेट थिअरीत विचलनाचे दोनच भाग केले आहेत, वाकण्याचा आणि शिअरचा. अगदी आपण वर हिशोबात केले तसेच. शिअरचा भाग शून्य केला की समोर क्लासिकल थिअरी उभी. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यांत देखणी वाटते. घुगल सर आणि शिंपी सरांनी मिळून २००१ आणि २००२ मध्ये बीम आणि प्लेटच्या सगळ्या शिअर थिअरींचे दोन आढावा-लेख लिहिले. एम.टेक.ला लिटरेचर सर्व्हे करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. घनाच्या ऐवजी साइनचा वक्र घेणारी त्रिकोणमितीय थिअरी त्यांनी पुढे नेली. घुगल सरांचं काम औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि नंतर कराडच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजातून झालं, आणि सय्यद सरांनी त्यांच्याबरोबर कोपरगावातून या विषयावर पेपरांची रांग लावली. कोपरगाव! म्हणजे या विषयाला कोट्यवधीची लॅब लागत नाही. पेन्सिल, वही, थोडं कोडिंग आणि चिवटपणा लागतो. वाशीम-यवतमाळच्या पोराने 'आपल्याकडे काय रिसर्च होणार' असं म्हणायचं कारण नाही.

विचलन झालं. आता स्ट्रेस, आणि इथे सॉफ्टवेअर माणसाला फसवतं.

प्लेट वाकली की प्रतलातला स्ट्रेन जाडीतून साधारण सरळ रेषेत बदलतो. पण स्ट्रेस म्हणजे स्ट्रेन गुणिले ई, आणि ई प्रत्येक थरात वेगळा. शून्य थर आणि नव्वद थर जिथे भेटतात तिथे स्ट्रेन एकच, पण वर सांगितलेल्या मालात ई पंचवीसपट वेगळा. म्हणजे सीमेच्या एका बाजूला स्ट्रेस १०० असेल तर दुसऱ्या बाजूला ४. स्ट्रेसचा आलेख पायरीसारखा उडी मारतो, आणि ती उडी खरी आहे. रिपोर्टमध्ये ती चूक समजून कोणी गुळगुळीत करू नये. जाडीतला शिअर मात्र उडी मारू शकत नाही. एक थर दुसऱ्यावर जितका घासेल तितकाच दुसरा पहिल्यावर घासणार, हा न्यूटनचा तिसरा नियम आहे. शिअर स्ट्रेस अखंड आणि जी वेगवेगळा, म्हणून शिअर स्ट्रेन उडी मारतो, आणि विस्थापनाच्या आलेखाला प्रत्येक सीमेवर कोपरा येतो. एकाच वक्राने सगळी जाडी झाकणाऱ्या थिअरींना हा नागमोडी कोपरा दाखवता येत नाही. तिसऱ्या दर्जाची थिअरी चौपट लांबीला १.९५४ ऐवजी १.८९४ वर अडकते, त्यात या कोपऱ्यांचा मोठा हात आहे.

मग थरांमधला शिअर काढायचा कसा? थेट मालाच्या नियमातून काढू नका. क्लासिकल थिअरीत तो शून्य येईल, पहिल्या दर्जाच्या थिअरीत पायऱ्या-पायऱ्यांचा येईल. प्रतलातले स्ट्रेस घ्या, समतोलाचं समीकरण लावा आणि खालच्या पृष्ठापासून वरपर्यंत बेरीज करत या. नव्वद थरात प्रतलातला स्ट्रेस किरकोळ, म्हणून तिथे शिअर फारसा बदलत नाही, आलेख जवळपास उभा सरळ राहतो. स्टीलच्या पट्टीतला गुळगुळीत पॅराबोला इथे मिळत नाही. या पद्धतीने साध्या थिअरीतूनही चांगलं उत्तर मिळतं. कडेजवळ मात्र नाही. पाइप्स आणि पॅगानो यांनी १९७० मध्ये दाखवलं, की लॅमिनेटच्या मोकळ्या कडेपाशी, साधारण एका जाडीच्या अंतरात, नुसत्या ओढण्यानेसुद्धा थरांमध्ये मोठे स्ट्रेस उभे राहतात. शेजारचे दोन थर आडवे वेगवेगळे आकुंचन पावू पाहतात आणि चिकटलेले असल्यामुळे एकमेकांना ओढतात. म्हणूनच लॅमिनेट सुटायला बहुधा कडेपासून किंवा भोकापासून सुरुवात होते. ड्रिलने पाडलेलं भोक हीसुद्धा एक कडच आहे.

सुटलं तर काय बिघडतं? एकसंध धरून हिशोब करा. बरोबर मधे सुटलं तर एका प्लेटच्या दोन अर्ध्या प्लेटा झाल्या. प्रत्येकीचा विरोध एक-अष्टमांश, दोघींचा मिळून एक-चतुर्थांश. त्या भागात दाब आला तर बकलिंगची ताकदही चौथाईवर. ओढण्याची ताकद मात्र जवळपास तशीच राहते, म्हणून ओढून टेस्ट केली तर नमुना पास होतो. धोका इथे आहे.

१८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली टायटन ही पाणबुडी अटलांटिकमध्ये चिरडली आणि आतले पाचही जण गेले. तिचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, सुमारे पाच इंच जाड, एकेक इंचाचे पाच थर एकावर एक गुंडाळून आणि प्रत्येक वेळी भट्टीत पक्के करून बनवलेलं. चौकशीत त्या मालात सुरकुत्या, पोकळ्या आणि थर सुटल्याच्या खुणा आढळल्या. जुलै २०२२ मध्ये, ऐंशीव्या डाइव्हच्या शेवटी, मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर स्ट्रेन गेजचे आकडेही बदलले होते. आकडे समोर होते, पाणबुडी वापरात राहिली. अमेरिकन तटरक्षक दलाच्या ऑगस्ट २०२५ च्या अहवालात हा अपघात टाळता आला असता असं स्पष्ट म्हटलं आहे. नळकांडं आणि प्लेट यांचं गणित वेगळं, पण बाहेरून दाब, जाड लॅमिनेट आणि थरांचं सुटणं हा मेळ तोच आहे.

आता पुन्हा आपल्या लीफ स्प्रिंगकडे. समजा लांबी १००० मिलिमीटर, जाडी २५. गुणोत्तर ४०. ग्लास-इपॉक्सीसाठी ई साधारण ४० आणि जी ४ गिगापास्कल धरा, म्हणजे भागाकार १०. १० भागिले १६०० म्हणजे ०.६ टक्के. इथे उच्च दर्जाची थिअरी लावणं म्हणजे डास मारायला तोफ. साधं सूत्र वापरा आणि वेळ वाचवा. पण त्याच मशीनवर कार्बनचा एखादा ब्रॅकेट असेल, टेकूंमधलं अंतर ६० आणि जाडी १२, तर गुणोत्तर ५. कार्बन-इपॉक्सीचा ई १४०, जी ५, भागाकार २८. २८ भागिले २५, म्हणजे शिअरचा वाटा वाकण्यापेक्षाही जास्त आणि विचलन दुपटीच्या वर. तिथे क्लासिकल सूत्र वापरलंत तर ओरलला नाही, तर गाडीवर उत्तर द्यावं लागेल.

ताकदीचाही असाच झटपट हिशोब आहे. मधोमध वजन टाकलेल्या पट्टीत सर्वांत मोठा वाकण्याचा स्ट्रेस भागिले सर्वांत मोठा शिअर म्हणजे दोन गुणिले लांबी भागिले जाडी. चांगल्या कार्बन लॅमिनेटची धाग्याच्या दिशेची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास, थरांमधली शिअरची ताकद ७५ च्या आसपास. भागाकार २०. म्हणजे लांबी जाडीच्या दहापटीहून कमी असेल तर धागा तुटण्याआधी थर सुटणार. शॉर्ट बीम शिअर टेस्टमध्ये टेकूंमधलं अंतर जाडीच्या चौपट ठेवतात ते याचसाठी, तिथे सुटावं असंच आपल्याला हवं असतं. हाताने रोलर फिरवून केलेल्या लेअपमध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि तो ७५ चा आकडा चांगलाच खाली येतो. पुस्तकातला आकडा उचलू नका, आपल्याच प्लेटच्या कडेच्या तुकड्यातून पाच-सहा नमुने कापा आणि यूटीएमवर मोडून बघा. तुकडे फुकट असतात.

शेवटी प्लेट तयार झाल्यावर करायचं एक काम. एक नाणं घ्या आणि प्लेटभर ठोकत जा, बोटभर अंतरावर. विमानाच्या हँगरमध्येही हे करतात आणि त्याला टॅप टेस्ट म्हणतात. चांगल्या जागी आवाज टणक येतो. थर सुटलेल्या जागी वरचा पातळ पापुद्रा एकटाच हलतो, त्याचा ताठपणा कमी, म्हणून आवाज बसका आणि पोकळ येतो. ती जागा खडूने गोल करा, कडेपासून किती आत आहे ते मोजा आणि गणितात जास्तीत जास्त शिअर कुठे आला होता त्या आकृतीशी ताडून बघा. बाकी कान तयार असला की काम पटकन होतं. आपल्या मेकॅनिकल विभागात नंगारा वाजवणारी दोन-तीन पोरं आहेत, त्यांना सोबत न्या.